हरळीच्या ग्रीनचं वर्ष: वाळू, पातं आणि तण

तणनाशक कधी मारायचं हे महिन्याच्या नावावरून ठरवलं की निम्मं औषध वाया जातं. आम्ही गोल्फ कोर्सच्या गवताचं वर्षाचं सगळं काम मातीच्या तापमानावर लावतो. त्यासाठी साधा दांड्याचा थर्मामीटर पुरतो. तो ५ आणि १० सेंटिमीटर खोलीवर रोज सकाळी एकाच वेळी लावायचा: एक उन्हातलं ग्रीन (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत), एक झाडाच्या सावलीतला टी (पहिला फटका मारायची जागा) आणि एक उघडा उतार. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नये, पाच-सहा दिवसांची सरासरी बघावी. एकाच कोर्सवर उघडा उतार सावलीतल्या कोपऱ्यापेक्षा आठवडाभर, कधी त्याहूनही आधी तापतो. म्हणून अठराही होल एकाच दिवशी फवारून मोकळं होण्यात अर्थ नाही.

इथे लिहिलेलं सगळं हरळीच्या कोर्सबद्दल आहे. थंड हवेतल्या बेंटग्रासचं वेळापत्रक जवळजवळ उलटं असतं, त्याला हे लावू नये. शेतकरी जी हरळी खणून काढून बांधावर वाळत टाकतो, तीच इथलं पीक. फक्त वाण वेगळे: ग्रीनवर टिफड्वार्फ किंवा टिफईगलसारखे बुटके, फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) टिफवे ४१९. हे संकरित वाण वांझ असतात, त्यांचं बी धरत नाही, लागवड धुमाऱ्यांच्या तुकड्यांनीच करावी लागते. त्यामुळे ग्रीनवर हरळीचं रोप बियापासून उगवलेलं दिसलं तर ते बाहेरून आलेलं, असं खुशाल समजावं. साधी हरळी संकरित हरळीत घुसली की तिला वेगळं मारणारं एकही निवडक तणनाशक नाही. तो ठिपका कप कटरने, म्हणजे होलचं भोक पाडायच्या अवजाराने, उचलायचा (कपाचा व्यास १०८ मिलिमीटर, छोट्या ठिपक्याला एवढा पुरतो) आणि नर्सरीतल्या ग्रीनचा तेवढाच गोळा तिथे बसवायचा. हे काम ठिपका हाताएवढा असतानाच होतं. परातीएवढा झाल्यावर सगळा तुकडाच बदलावा लागतो.

१० सेंटिमीटर खोलीवरची माती १८ अंश सेल्सिअसच्या वर टिकली की हरळीची मुळं खरी कामाला लागतात. पात्याला २७ ते ३५ अंशांची हवा सगळ्यात मानवते. माती १० अंशांच्या खाली गेली की गवत झोपतं आणि पिवळं पडतं. तणांचे आकडे मात्र यापेक्षा खालचे आहेत, आणि घोळ तिथेच होतो. क्रॅबग्रासचं बी ५ सेंटिमीटरवरची माती चार-पाच दिवस १३ अंशांच्या आसपास राहिली की फुटायला लागतं. तेव्हा हरळी अर्धी झोपेतच असते. गूजग्रास, म्हणजे नाचणीच्याच कुळातलं ते चपटं गवत, १६ ते १८ अंशांना येतं. म्हणजे क्रॅबग्रासनंतर काही आठवड्यांनी, आणि मग पुढे बराच काळ येतच राहतं.

उगवणपूर्व तणनाशकाचा पहिला हात म्हणूनच गवत हिरवं व्हायच्या आधी मारावा लागतो. पेंडीमेथॅलिन, प्रोडायमिन ही औषधं बी मारत नाहीत. ती मातीच्या वरच्या थरात बसतात आणि फुटलेल्या कोंबाच्या मुळाची पेशीवाढ थांबवतात. कोंब एकदा वर आला, दोन पानांचा झाला, की यांचा उपयोग संपला. लेबलवरची पूर्ण मात्रा एकदम देण्यापेक्षा अर्धी आधी आणि अर्धी सहा ते आठ आठवड्यांनी दिलेली बरी, कारण उष्णता आणि जिवाणू मिळून हा थर पातळ करत जातात आणि गूजग्रास नेमकं तेव्हा उगवतं. फवारल्यावर दिवसभरात ६ ते १२ मिलिमीटर पाणी द्यायचं, म्हणजे औषध पानावरून आणि थॅचवरून (मेलेल्या काड्यांच्या थरावरून) मातीत उतरतं. पाणी न देणं हेच अपयशाचं सर्वांत मोठं कारण. त्याखालोखाल सुटलेले पट्टे. महिन्या-दीड महिन्याने फेअरवेवर सरळ रेषेत क्रॅबग्रास उभं दिसलं तर औषधाला दोष देऊ नये. स्प्रेडरच्या दोन फेऱ्यांमध्ये तेवढी जागा राहून गेलेली असते.

या गटातल्या औषधांची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. ती तणाचं मूळ थांबवतात तशी हरळीच्या धुमाऱ्याचीही मुळं थांबवतात. रांगणाऱ्या काडीच्या पेऱ्याला मूळ धरत नाही, आणि उखडलेली जागा भरायला वेळ लागतो. म्हणून नवी लागवड, विरळ झालेले टी, दुरुस्तीतले पट्टे इथे पेंडीमेथॅलिन नको. ऑक्साडायझॉनचे दाणे मुळाला त्रास देत नाहीत आणि गूजग्रासवरही चांगले चालतात, पण ते कोरड्या पानावरच टाकावे, कारण दवाने ओल्या पानाला ते चिकटले की जळल्याचे ठिपके पडतात. ग्रीनवर आम्ही या दोन्हींच्या वाटेला जात नाही. ग्रीनवर दाट गवत आणि बारीक सुरी, एवढ्यावरच भागवायचं.

कोरिंग केलं, म्हणजे मातीचे बारीक गोळे काढून भोकं पाडली, की औषधाचा थर फुटतो, ही भीती बरीच फाजील आहे. फेअरवेवर फवारणीनंतर कोरिंग केल्याने तणाचं प्रमाण फारसं वाढत नाही. त्या भीतीपोटी कोरिंग पुढे ढकललं तर मात्र माती दबते, आणि गूजग्रासला तेच हवं असतं.

कोरिंगचा हिशेब कागदावर केल्याशिवाय मशीन बाहेर काढू नये. भोकाचा व्यास १२.५ मिलिमीटर आणि अंतर ५ बाय ५ सेंटिमीटर असेल तर एका चौरस मीटरला ४०० भोकं पडतात आणि पृष्ठभागाचा ४.९ टक्के भाग निघतो. तेच १६ मिलिमीटरचे टाइन (भोक पाडणारे पोकळ दांडे) लावले तर ८ टक्के. वर्षाला १५ ते २० टक्के भाग बदलायचा असं धरलं तर लहान टाइनने किमान तीन-चार वेळा ग्रीन उघडावं लागेल, मोठ्या टाइनने दोनदा. खेळणाऱ्यांना मोठं भोक आवडत नाही, पण चार वेळा ग्रीन खराब करण्यापेक्षा दोनदा केलेलं परवडतं. खोली ७.५ सेंटिमीटर असेल तर १२.५ मिलिमीटरच्या भोकांना चौरस मीटरमागे सुमारे ३.७ लिटर वाळू लागते. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला १.८५ घनमीटर, जवळजवळ ३ टन कोरडी वाळू. ही वाळू भोक तोंडापर्यंत भरण्यापुरतीच झाली. अर्धवट भरलेलं भोक वरून मिटतं आणि खाली पोकळी राहते. तिथे मूळ सुकतं आणि वरचा भाग खचतो.

वाळू ग्रीनच्या मूळ वाळूशी जुळणारीच हवी. चाळणीवर ६० टक्क्यांहून जास्त दाणे ०.२५ ते १ मिलिमीटरमधले असावेत. त्याहून बारीक वाळूचा एक थर जरी बसला तरी पाणी तिथे अडतं, आणि काही वर्षांनी सुरीने काप काढला की काळा, वास मारणारा पट्टा दिसतो. कोरिंगच्या दिवशी माती वाफशावर हवी. फार ओली असेल तर टाइनच्या भिंती चोपून गुळगुळीत होतात, फार कोरडी असेल तर टाइन आत जात नाही आणि गवताची चादर उचलली जाते. क्रम असा: आदल्या दिवशी पाणी, सकाळी कोरिंग, गोळे उचलणं, दव आणि ओल सुकू देणं, कोरडी वाळू पसरणं, ब्रश किंवा जाळी ओढून भोकात घालणं, हलका रोलर, मग पाणी. ओल्या वाळूवर ब्रश फिरवला की ती भोकात जात नाही, पानाला चिकटून बसते. सोबत चौरस मीटरला २.५ ग्रॅम नत्र. अमोनियम सल्फेटमधून द्यायचं तर ५०० चौरस मीटरला साधारण ६ किलो, आणि लगेच पाणी. गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत भोकं मिटतात. झोपेच्या काळाच्या तोंडावर कोरिंग केलं तर मात्र ती पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहतात आणि प्रत्येक भोकात पोआ अनुआ हे थंडीतलं तण उगवतं.

जोमाच्या महिन्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी ०.३ ते ०.५ मिलिमीटर वाळूचा हलका हात असतो. त्याआधी व्हर्टिकटर (उभ्या पात्यांचं यंत्र) २ ते ३ मिलिमीटर खोल फिरवला की आडवी वाढ कापली जाते आणि वाळू खाली उतरते. या नेहमीच्या टॉपड्रेसिंगचा एक दुष्परिणाम फार उशिरा दिसतो. ग्रीनच्या कडेला, कॉलरवर, ब्रशने ढकललेली वाळू साचत जाते आणि तिथे बोटभर उंचीचा बांध तयार होतो. पावसाचं पाणी ग्रीनवरून उतरताना त्या बांधाला अडतं, कडेचं गवत विरळ होतं, शेवाळ येतं, मग किलिंगा, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातलं तण. तणनाशकाने हे मिटत नाही. कॉलरची चादर सोलून, खालची वाळू खरवडून, चादर परत बसवावी लागते.

कापणीत उंचीइतकंच महत्त्व मशीनच्या पात्याच्या धारेला आहे. ग्रीन ३ ते ४ मिलिमीटर, टी ८ ते १२, फेअरवे १० ते १५, रफ (फेअरवेबाहेरचं उंच गवत) ३५ ते ५०. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. पावसाने दोन दिवस मशीन फिरलं नाही तर उंची वाढवून कापायचं आणि दोन-तीन पायऱ्यांत खाली आणायचं. नाहीतर खालची तपकिरी काडी उघडी पडते आणि त्या उजेडात तणाचं बी जागं होतं. रील मोअरची (फिरत्या पात्यांच्या कापणीयंत्राची) तपासणी वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्टीने करतात. रीलची दोन्ही टोकं आणि मध्य अशा तीन ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका टोकाला चिमटला तर बेडनाइफ, म्हणजे खालचं स्थिर पातं, तिरका आहे. रीलला ११ पाती, वेग मिनिटाला २,००० फेरे आणि मशीन तासाला ५ किलोमीटर चालत असेल तर दोन कापांमधलं अंतर ३.८ मिलिमीटर येतं. हे अंतर कापणीच्या उंचीच्या जवळ राहायला हवं. चालवणारा घाईत ७ किलोमीटरने गेला की ते ५.३ होतं आणि ग्रीनवर बारीक लाटा उमटतात. या लाटा बऱ्याचदा गवताचा रोग समजून बुरशीनाशक मारलं जातं.

खताचं थोडक्यात. ग्रीनला वाढीच्या काळात आठवड्याला चौरस मीटरमागे अर्धा ग्रॅम नत्र फवारून. युरियातून दिलं तर ५०० चौरस मीटरला साधारण ५४५ ग्रॅम. महिन्यातून एकदा मूठभर देण्यापेक्षा हे बरं, कारण अचानक आलेली लुसलुशीत वाढ मोअरला आवरत नाही आणि पिथियमसारख्या बुरशीला आमंत्रण देते. फेअरवेवर क्लोव्हर वाढलं तर आधी नत्राचा हिशेब बघावा. भुकेल्या गवतात ते आपोआप येतं.

जागेवरचं तण काय सांगतंय हे वाचल्याशिवाय बाटली उघडू नये, असं आम्ही नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतो. बग्गीच्या रस्त्याच्या कडेला आणि टीवर चढायच्या वाटेवर गूजग्रास असेल तर माती दबलेली आहे. लव्हाळा किंवा किलिंगा गोल ठिपक्यात असेल तर तिथला स्प्रिंकलर गळतो आहे किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. जमिनीला चिकटून पसरणारी दुधी विरळ आणि तापणाऱ्या जागी येते. शेवाळ सावली आणि ओल यांचं. आंबुशी आणि घोळ कुंडीच्या मातीबरोबर आणि बाहेरून आणलेल्या चादरीबरोबर आत येतात.

लव्हाळ्याने सगळ्यांना शहाणं केलेलं आहे. खालच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात आणि टोकाचा कोंब बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. खुरप्याने वरचा भाग उपटला की साखळी तुटते आणि दबलेले डोळे फुटतात. एकाच्या जागी चार येतात ते यामुळे. ओळखायला सोपं: दांडा बोटांत फिरवला की त्रिकोणी लागतो. हॅलोसल्फ्यूरॉन ७५ टक्के दाणेदार, हेक्टरी ९० ग्रॅम, सोबत लिटरला अडीच मिलिलिटर नॉन-आयॉनिक स्टिकर. हे फेअरवे आणि रफसाठी, ग्रीनसाठी नाही. रोप तीन ते पाच पानांचं आणि जोमात असावं. फवारणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी बंद, कारण औषध पानातून गाठीपर्यंत पोचायला पान तर हवं. २०० चौरस मीटरच्या ठिपक्याला १.८ ग्रॅमच लागतं, म्हणून ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा. चिमटीने टाकलेल्या औषधाने एकतर तण तसंच राहतं किंवा हरळी पिवळी पडते. वाढ चार-पाच दिवसांत थांबते, पण रंग जायला दोन-तीन आठवडे लागतात. या मधल्या काळात "लागलं नाही" म्हणून दुसरा हात मारणं ही नेहमीची उधळपट्टी. दुसरा हात उरलेल्या गाठी फुटल्यावर, सहा ते दहा आठवड्यांनी. बेंटाझोन पिवळ्या लव्हाळ्यावर चालतं, जांभळ्यावर फारसं नाही.

गूजग्रासवर उगवणीनंतरचं औषध द्यायचं तर रोपाला एक-दोन फुटवे असेपर्यंतच. मधला गोळा रुपेरी, चपटा आणि तळहाताएवढा झाला की सुरीने काढलेला परवडतो, भोक वाळूने भरायचं. फोरामसल्फ्यूरॉन हरळीला सोसतं. टोप्रामेझोनने हरळी दोन-तीन आठवडे पांढरीफटक पडते, त्याची कल्पना कार्यालयाला आधी द्यावी. एकाच गटाचं उगवणपूर्व औषध वर्षानुवर्षे मारलेल्या फेअरवेवर क्रॅबग्रास अजिबात नाही पण गूजग्रास भरपूर, असं चित्र दिसलं तर तण त्या गटाला जुमानेनासं झाल्याची शंका घ्यावी आणि दुसऱ्या गटाकडे वळावं. पाण्याची किंवा मात्रेची चूक असती तर क्रॅबग्रासही दिसलं असतं.

रुंद पानाच्या तणांना २,४-डी आणि डायकॅम्बाची मिश्रणं चालतात. हवा ३० अंशांखाली, वारा तासाला १० किलोमीटरच्या आत. फुलझाडांच्या शेजारी २,४-डीचं एस्टर रूप नको, अमाइन घ्यावं, ते उडून कमी जातं. पण अगदी स्तब्ध पहाटही धोक्याचीच असते, कारण तेव्हा बारीक थेंब थंड हवेत लोंबकळत राहतात आणि सरकत कुठेही जातात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. कोणतं औषध कुठे चालतं हे प्रत्येक देशात वेगळं असतं, तेव्हा लेबल हाच शेवटचा शब्द.

फवारणीचं मोजमाप असं करतात. ५० मीटर अंतर आखून ट्रॅक्टर भरल्या टाकीने चालवायचा; ३६ सेकंद लागले तर वेग ५ किलोमीटर. प्रत्येक नोझलखाली मिनिटभर मापक धरायचा. लिटरमधला प्रवाह गुणिले ६००, भागिले वेग गुणिले नोझलमधलं अंतर मीटरमध्ये. १.६ लिटर, ५ किलोमीटर, अर्धा मीटर यांचे हेक्टरी ३८४ लिटर होतात, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला १९ लिटर. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला की नोझल बदलायचा, तारेने खरवडायचा नाही. मिसळताना आधी अर्धी टाकी पाणी, मग भुकटी आणि दाणे, मग दाट द्रव, मग तेलकट औषध, शेवटी स्टिकर. क्रम चुकला तर टाकीत दह्यासारख्या गाठी होतात आणि सगळ्या गाळण्या भरतात. नवी जोडी असेल तर आधी बरणीत थोडं मिसळून अर्धा तास ठेवून बघावं.

हवा उतरायला लागली की दोन निर्णय लागोपाठ घ्यावे लागतात. कापणीची उंची ग्रीनवर अर्धा मिलिमीटर तरी वाढवायची, नत्र कमी करायचं, पालाश माती-तपासणीनुसार द्यायचं. आणि माती २१ अंशांच्या खाली जायच्या आत पोआ अनुआचा बंदोबस्त करायचा. ते ३ मिलिमीटरवर कापलं तरी बी धरतं, त्यामुळे एकदा बसलं की दरवर्षी येतं. इथे अडचण अशी की हिवाळी रंगासाठी रायग्रास पेरायचं असेल तर तोच उगवणपूर्व थर रायग्रासलाही उगवू देत नाही. रायग्रास की पोआमुक्त फेअरवे, यातलं एक आधी ठरवावं लागतं. आमचं मत रायग्रासच्या विरोधात आहे. हेक्टरी साडेतीनशे-चारशे किलो बी टाकून मिळालेला हिरवा रंग पुढच्या उन्हाळ्यात हरळीच्या वाढीचे कितीतरी दिवस खातो. दाट झोपलेल्या हरळीवर हिरवा रंग फवारला तरी चेंडू व्यवस्थित पळतो.

फेअरवे पूर्ण झोपल्यावर उरलेल्या हिरव्या तणावर ग्लायफोसेट मारता येतं, पण आधी गुडघ्यावर बसून पाच-सात ठिकाणी गवत बोटांनी फाकून बघायचं. वर सगळं पिवळं दिसत असलं तरी तळाशी काडी हिरवी असेल तर थांबायचं. ग्रीन आणि कॉलरवर हा प्रयोग करायचाच नाही. त्या काळात मोअर खोलून रील आणि बेडनाइफला धार लावून घ्यायची, पंपाच्या नळ्या-गाळण्या बदलायच्या, आणि ज्या ठिपक्यांवर लव्हाळा दोनदा फवारूनही परत आला तिथले स्प्रिंकलर आणि ड्रेनेजचे पाइप खणून तपासायचे. तापमानाची वही मात्र बंद करायची नाही. ५ सेंटिमीटरवरचा आकडा १३ कडे सरकतोय हे त्या वहीतच आधी दिसतं, तोवर बाहेर सगळं पिवळंच असतं.